हिमोग्लोबिनच्या पोटातली पाचर

वस्तीत रक्ततपासणीचे शिबिर झाले की प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी येते. चिठ्ठीवर एक आकडा असतो. कुणाचे हिमोग्लोबिन बारा, कुणाचे नऊ, कुणाचे सात. मग आम्हांला प्रश्न विचारले जातात. एक ताई म्हणते, "माझे सातच आहे, पण चार घरची धुणीभांडी करते. मला तर काही होत नाही." दुसरी विचारते, "माझ्या पोराला सिकलसेल आहे. थंडी लागली, ताप आला की लगेच कळा का सुरू होतात?" तिसरी विचारते, "बाळ जन्मले तेव्हा गुटगुटीत होते. सहा महिन्यांनंतरच हातपाय कसे सुजायला लागले?"

हे तीन प्रश्न तीन घरांतले आहेत, पण त्यांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. आपल्या रक्ताच्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन नावाचे मोठे प्रथिन असते, आणि त्याला हुकूम सोडणारे काही अगदी छोटे रेणू असतात. हे छोटे रेणू प्रथिनाच्या कामाच्या जागेवर बसत नाहीत. ते दुसऱ्याच जागी बसतात आणि तिथून सगळ्या प्रथिनाचा आकार बदलतात. आकार बदलला की काम बदलते. आज आपण हे नीट समजून घेऊ, कारण समजले की कुठे घाबरायचे आणि कुठे घाबरायचे नाही, हे कळते.

हिमोग्लोबिनची दोन कामे

हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते हे शाळेत सगळ्यांनी वाचले आहे. पण वाहून नेणे म्हणजे दोन उलटी कामे. फुप्फुसात ऑक्सिजन घट्ट धरायचा आणि हातापायात, मेंदूत, गर्भाशयात गेल्यावर तो सोडायचा. नुसते घट्ट धरून ठेवले तर रक्त फिरत राहील आणि अवयव उपाशी राहतील. नुसते सैल असले तर फुप्फुसात ऑक्सिजन चढणारच नाही.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. प्रत्येक साखळीत लोह असलेली एक जागा असते आणि तिथे ऑक्सिजन बसतो. म्हणजे एका हिमोग्लोबिनवर चार आसने.

फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर असतो, तेव्हा जवळजवळ सगळी आसने भरतात. निवांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून रक्त परत फिरते तेव्हा तो दाब ४०च्या आसपास आलेला असतो आणि तरीही शंभरातली पंचाहत्तर आसने भरलेलीच असतात. म्हणजे चारांपैकी साधारण एकच ऑक्सिजन उतरतो. बाकीचे तीन राखीव. धावलो, ओझे उचलले, जिना चढलो की या राखीव साठ्यातून जास्त उतरतो. ही राखीव गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चार जणींनी धरलेली सतरंजी

हिमोग्लोबिनची चार आसने एकमेकांपासून सुटी नाहीत. चार बायका सतरंजीचे चार कोपरे धरून उभ्या आहेत असे समजा. एकीने कोपरा वळवला की बाकीच्या तिघींना हात हलवावाच लागतो. तसेच इथे होते. एका आसनावर ऑक्सिजन बसला की पूर्ण रेणू थोडा वळतो आणि बाकीच्या आसनांवर ऑक्सिजन बसणे सोपे होते. एक उतरला की बाकीचे उतरणे सोपे होते.

यामुळे हिमोग्लोबिनची दोन रूपे दिसतात. एक धरणारे रूप आणि एक सोडणारे रूप. फुप्फुसात ते धरणाऱ्या रूपात जाते, अवयवांत सोडणाऱ्या रूपात. ही दोन रूपे प्रत्यक्ष दाखवून देण्याचे काम केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांनी केले. हिमोग्लोबिनचे स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि त्यावरून रेणूचा आकार काढायचा, या कामाला त्यांनी कित्येक वर्षे दिली. १९६२ साली त्यांना जॉन केंड्रू यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० साली त्यांनी एका रूपातून दुसऱ्या रूपात रेणू कसा वळतो हे उलगडून सांगितले.

आता प्रश्न असा की कुठल्या वेळी कुठल्या रूपात राहायचे, हे ठरवते कोण? इथे छोटे रेणू येतात.

पाचर कुठे बसते

तांबड्या पेशीत बीपीजी नावाचा एक रेणू असतो. त्याचे पूर्ण नाव बिसफॉस्फोग्लिसरेट. जुन्या पुस्तकांत त्याला डीपीजी म्हणत. पेशी साखर जाळून ऊर्जा तयार करते, त्या वाटेवरच एक आडवाट फुटते आणि तिथे हा रेणू तयार होतो. हिमोग्लोबिनच्या मानाने तो अगदी चिमुकला. वजनात हिमोग्लोबिन त्याच्या जवळजवळ २४० पट भरते. पण पेशीत दोघांची संख्या साधारण सारखीच असते, म्हणजे एका हिमोग्लोबिनमागे एक बीपीजी.

हिमोग्लोबिन सोडणाऱ्या रूपात असते तेव्हा त्याच्या दोन बीटा साखळ्यांच्या मध्ये एक पोकळी असते. त्या पोकळीच्या भिंतींवर धन विद्युतभार असतो आणि बीपीजीवर ऋण. चुंबकाला टाचणी चिकटावी तसा बीपीजी त्या पोकळीत जाऊन बसतो. तो ऑक्सिजनच्या आसनावर बसत नाही, तिथून दूर मधोमध बसतो. दार उघडे राहावे म्हणून आपण खाली लाकडाची पाचर ठोकतो ना, तसेच हे. पाचर कडीला लागत नाही, कुलपाला लागत नाही, पण दार मिटू देत नाही. बीपीजीची पाचर बसली की हिमोग्लोबिन सोडणाऱ्या रूपात टिकते आणि ऑक्सिजन सुटतो. फुप्फुसात ऑक्सिजनची गर्दी झाली की रेणू वळतो, पोकळी आवळते आणि पाचर बाहेर फेकली जाते.

या पाचरीचे मोल किती ते पाहा. निम्मी आसने रिकामी व्हायला ऑक्सिजनचा दाब किती खाली यावा लागतो, यावरून हिमोग्लोबिन किती घट्ट धरते ते मोजतात. माणसाच्या तांबड्या पेशीत हा आकडा २६च्या आसपास असतो. बीपीजी पूर्ण काढून घेतले तर तो १२च्या आसपास येतो. म्हणजे पाचर नसेल तर हिमोग्लोबिन मुठीत ऑक्सिजन आवळून बसेल, आणि अवयव जवळजवळ गुदमरेपर्यंत सोडणार नाही. तांबड्या पेशीत हा रेणू असतो हे आधीपासून माहीत होते, पण त्याचे हे काम १९६७ साली कळले. अमेरिकेत राइनहोल्ड आणि रूथ बेनेश या दांपत्याने, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे शॅनुटिन व कर्निश यांनी ते दाखवले.

बीपीजी एकटाच नाही. काम करणाऱ्या स्नायूत कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढते. तेही हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या आसनापासून दूर चिकटून "इथे सोड" असा निरोप देतात. १९०४ साली डेन्मार्कच्या क्रिस्टियन बोर यांनी हा परिणाम नोंदवला. जिथे काम जास्त तिथे आम्ल जास्त, आणि जिथे आम्ल जास्त तिथे ऑक्सिजन जास्त सुटतो. डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाईच्या मांडीच्या स्नायूला तिच्या हाताच्या बोटापेक्षा जास्त ऑक्सिजन मिळतो, तो या हिशेबाने.

याला अ‍ॅलोस्टेरिक म्हणतात

प्रथिनाच्या कामाच्या जागेपासून दूर, दुसऱ्याच जागी छोटा रेणू बसतो आणि काम वाढवतो किंवा कमी करतो, या प्रकाराला अ‍ॅलोस्टेरिक नियमन म्हणतात. ग्रीक भाषेत अ‍ॅलोस म्हणजे दुसरा आणि स्टेरिओस म्हणजे घन, आकार असलेला. १९६१ साली फ्रान्सच्या जाक मोनो आणि फ्रान्स्वा जाकोब यांनी हा शब्द वापरात आणला.

आपल्या प्रत्येक पेशीत हे चालू असते. साखर जाळणाऱ्या वाटेवर एक एन्झाइम आहे. पेशीत ऊर्जा पुरेशी साठली की त्या ऊर्जेचाच रेणू एन्झाइमच्या बाजूच्या जागी बसतो आणि एन्झाइम मंदावतो. घरात डबे भरलेले असतील तर गिरणीत दळण टाकायची घाई कशाला, तसे हे. साठा कमी झाला की तो रेणू सुटतो आणि काम पुन्हा वेग घेते. वरून कुणी पाहणारा लागत नाही. पेशीतल्या मालाचा साठाच कामाला लगाम घालतो.

औषधेही असे काम करतात. झटके येणाऱ्या रुग्णाला दवाखान्यात डायझेपामचे इंजेक्शन देतात. मेंदूतल्या चेतापेशींना शांत करणारा गाबा नावाचा रेणू शरीरात असतोच. त्याची बसण्याची जागा एक, डायझेपामची दुसरी. डायझेपाम स्वतः दार उघडत नाही. गाबाने दार उघडायला सुरुवात केली की ते जास्त वेळा उघडेल अशी व्यवस्था करते. म्हणून हे औषध मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचे असते. दारूच्या जोडीला अशा गोळ्या घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, कारण दारूही मेंदूला त्याच बाजूने दाबते.

हिमोग्लोबिन सात, तरी बाई उभी कशी?

आता पहिल्या ताईच्या प्रश्नाकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२च्या खाली आणि गरोदर बाईचे ११च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात.

रक्त हळूहळू कमी होते तेव्हा तांबड्या पेशी जास्त बीपीजी बनवतात. जास्त पाचरी बसतात. प्रत्येक हिमोग्लोबिन पूर्वीपेक्षा मोकळ्या हाताने ऑक्सिजन सोडते. हृदयही जास्त जोराने रक्त फेकते. म्हणून सातवर असलेली बाई बसून बोलत असते, भाकरी थापते, कामाला जाते आणि म्हणते, मला काही होत नाही.

होत नाही असे नाही. शरीर राखीव साठा मोडून रोजचा खर्च भागवत आहे. चारांपैकी एक उतरायचा तिथे आता दोन उतरत आहेत. घरात साठवलेले पैसे मोडून किराणा भरला तर महिनाभर कुणाला कळत नाही. पण त्याच महिन्यात दवाखान्याचा खर्च आला की काय होते? बाळंतपणात रक्तस्राव झाला, मोठा ताप आला, अपघात झाला, तर अशा बाईकडे मोडायला काही उरलेले नसते. बाळंतपणात रक्त गेल्यावर ज्या बाया वेगाने खचतात, त्यांत आधीपासून रक्त कमी असलेल्या जास्त असतात, हे वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येक नर्सला ठाऊक आहे. म्हणून "तिला सवय आहे, चालतंय तिचं" हे बोलणे घरातून बंद झाले पाहिजे. चालते आहे ते राखीव साठ्यावर.

इथेच रक्तपेढीतल्या रक्ताबद्दलही सांगतो. पिशवीत साठवलेल्या रक्तातले बीपीजी दिवसांमागे कमी होत जाते आणि दोनेक आठवड्यांत बहुतेक संपते. म्हणजे ते रक्त चढवल्यावर सुरुवातीला ऑक्सिजन थोडा घट्ट धरते. पण शरीरात गेल्यावर त्या पेशी पुन्हा बीपीजी बनवू लागतात आणि दोन-तीन दिवसांत ते जवळजवळ पूर्ववत होते. पेढीतले रक्त म्हणजे शिळे, निकामी रक्त, हा समज चुकीचा आहे. डॉक्टरांनी रक्त चढवायला सांगितले तर नाही म्हणू नका.

पोटातले बाळ आईकडून ऑक्सिजन कसे घेते

आईचे रक्त आणि बाळाचे रक्त वारेत शेजारी शेजारी वाहते, मिसळत नाही. मग आईच्या हिमोग्लोबिनकडून ऑक्सिजन बाळाकडे जातोच कसा? कारण बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा साखळीऐवजी गामा साखळी असते, आणि गामा साखळीच्या पोकळीत बीपीजी नीट बसत नाही. पाचर सैल बसते, म्हणून बाळाचे हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरते. आईचे सोडते आणि बाळाचे उचलते. एका छोट्या रेणूच्या बसण्या-न बसण्यावर नऊ महिन्यांचे पोषण उभे आहे.

जन्मानंतर गामा साखळी कमी होत जाते आणि तिची जागा बीटा साखळी घेते. हा बदल साधारण सहा महिन्यांत बराचसा पूर्ण होतो. तिसऱ्या ताईच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. सिकलसेलचा दोष बीटा साखळीत असतो. जोवर बाळाकडे गामा साखळीचे हिमोग्लोबिन आहे तोवर आजार झाकलेला राहतो. सहा महिन्यांच्या पुढे बीटा साखळी वाढते आणि मग हातापायाची बोटे सुजणे, बाळ सतत रडणे, फिकट दिसणे सुरू होते. कुणाची नजर लागली म्हणून नाही, बाहेरची बाधा म्हणून नाही. अंगारा लावण्यात दिवस घालवू नका, रक्त तपासा.

सिकलसेल: उपकार करणारी पाचर तिथे अपकार करते

विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजात आहे आणि आपल्या बौद्ध समाजातही अनेक घरांत आहे. भारतात हा दोष पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हा दोष टिकून राहिला, कारण एकाच पालकाकडून हा दोष मिळालेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळते. जगात आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठीही तो सापडतो. कुणाच्या रक्ताच्या हलकेपणाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

दोष केवढा? बीटा साखळीतल्या १४६ घटकांपैकी सहावा घटक बदललेला. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे हे दाखवले, आणि पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका बदललेला घटक शोधला.

हे बदललेले हिमोग्लोबिन धरणाऱ्या रूपात असते तेव्हा फारसा त्रास देत नाही. पण सोडणाऱ्या रूपात गेले की एका रेणूचा बदललेला भाग शेजारच्या रेणूला चिकटतो, त्याला तिसरा, आणि लांब काड्या तयार होतात. गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी अडकतात आणि तिथे कळा सुरू होतात. अशा पेशी लवकर फुटतातही. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलची अवघी काही आठवडे. म्हणून रक्त कमी राहते.

आता दुसऱ्या ताईचे उत्तर पाहा. ज्या ज्या गोष्टी हिमोग्लोबिनला सोडणाऱ्या रूपाकडे ढकलतात, त्या सगळ्या सिकलच्या रुग्णाला कळांकडे ढकलतात. ताप आणि जंतुसंसर्ग झाला की शरीरात आम्ल वाढते. पाणी कमी पडले की पेशीतले हिमोग्लोबिन दाट होते आणि काड्या लवकर बनतात. थंडीत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त रेंगाळते आणि ऑक्सिजन उतरून जातो. आणि बीपीजी? रक्त कमी म्हणून पेशी ते जास्त बनवतात. साध्या रक्तक्षयात हीच गोष्ट बाईला उभी ठेवते. सिकलमध्ये हीच गोष्ट काड्या बनायला मदत करते.

हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने गामा साखळीचे, म्हणजे बाळाच्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते. ते काड्यांत सामील होत नाही, उलट त्यांच्यात खोडा घालते. कळा कमी होतात. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरावीक काळाने रक्त तपासत, नेमाने घ्यायची असते. चार दिवस बरे वाटले म्हणून बंद करायची नाही. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचे.

नव्या औषधाची गोष्ट

पाचरीचे हे शास्त्र कळल्यावर शास्त्रज्ञांनी विचार केला, हिमोग्लोबिनला धरणाऱ्या रूपातच टिकवणारा रेणू बनवला तर काड्याच बनणार नाहीत. असा रेणू बनला. त्याचे नाव व्हॉक्सेलोटर. तो अल्फा साखळीच्या टोकाला बसतो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावतो. म्हणजे बीपीजीच्या अगदी उलट. २०१९ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. चाचणीत मोठी मात्रा घेणाऱ्या निम्म्या रुग्णांचे हिमोग्लोबिन एका ग्रॅमहून जास्त वाढले होते.

पण हिमोग्लोबिनचा आकडा वाढणे आणि अवयवाला ऑक्सिजन मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धरून ठेवणारे हिमोग्लोबिन चिठ्ठीवरचा आकडा वाढवते, पण मेंदूपर्यंत जाऊन सोडत नसेल तर उपयोग किती, अशी शंका काही शास्त्रज्ञांनी आधीच मांडली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने हे औषध सगळ्या देशांतून मागे घेतले. कळांचे झटके आणि मृत्यू यांची आकडेवारी पाहता फायद्यापेक्षा धोका जास्त दिसतो, असे कारण कंपनीने दिले.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. मोबाइलवर "सिकलसेलवर रामबाण औषध" असे संदेश फिरत असतात आणि लोक कर्ज काढून मागवतात. चांगल्या प्रयोगशाळेतून निघालेले, मान्यता मिळालेले औषधसुद्धा पुढच्या तपासणीत मागे घ्यावे लागते. मग ज्याची तपासणीच झाली नाही त्या बाटलीवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? कुणी औषध दिले तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवा.

बंद खोलीतली शेगडी

एक छोटा रेणू असा आहे की तो थेट ऑक्सिजनच्या आसनावरच बसतो. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. कोळशाची शेगडी, चूल, बंद जागेत चालू ठेवलेले जनरेटर यांच्या धुरात तो असतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. दोन आसने त्याने बळकावली तर बाकीची दोन तरी काम करतील असे वाटेल. पण सतरंजी आठवा. तो बसला की पूर्ण रेणू धरणाऱ्या रूपात अडकतो आणि उरलेल्या आसनांवरचा ऑक्सिजनही सुटत नाही. म्हणून हा वायू इतका घातकी.

हिवाळ्यात दारे-खिडक्या लावून खोलीत शेगडी ठेवून कधीही झोपू नका. एकाच घरातल्या सगळ्यांचे डोके दुखू लागले, मळमळ, गुंगी आली, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा. बोटाला लावायच्या यंत्रावर ९८ दिसले म्हणून थांबू नका. साध्या यंत्राला ऑक्सिजन बसलेले आणि कार्बन मोनॉक्साइड बसलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही.

घरात काय करायचे

हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या पूर्ण मुदतीच्या घ्या. गोळी चहासोबत घेऊ नका. लिंबू, आवळा चालतो. गरोदरपणात हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर गोळीवर थांबू नका, लगेच रुग्णालयात दाखवा. बाळंतपण कुठे करायचे आणि रक्त कुठून मिळेल हे आधी ठरवा.

सिकलसेलचा रुग्ण असेल तर लोहाची गोळी मनाने देऊ नका. फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते, शिवाय रक्त चढवले असेल तर आणखी साठते, आणि जास्तीचे लोह हृदयाला, यकृताला इजा करते. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मात्र लागते. नुसत्या वाहकाला लोहाची कमतरता असेल तर त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याने लोह देता येते. रुग्णाला भरपूर पाणी पाजा, शाळेतही बाटली सोबत द्या. थंडीत कपडे घाला, गार पाण्यात पोहू देऊ नका. ताप १०१च्या वर गेला, छातीत दुखले, दम लागला, अचानक फिकट पडला, पोटाची डावी बाजू फुगली, हातपाय लुळा पडला किंवा लिंग ताठ राहून दुखू लागले, तर सकाळची वाट पाहू नका.

तपासणीचे म्हणाल तर सॉल्युबिलिटी चाचणी फक्त दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, म्हणजे आपण ज्याला एएस आणि एसएस पॅटर्न म्हणतो, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीत कळते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सॉल्युबिलिटी चाचणी चुकीची निगेटिव्ह येऊ शकते. १ जुलै २०२३पासून केंद्राचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. तुमच्या आशाताईला विचारा.

लग्न जमवताना दोघांचेही रिपोर्ट पाहा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. अशा जोडप्याने मूल होण्याआधी किंवा दिवस गेल्याबरोबर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भातच तपासणी करता येते. एकजण वाहक आणि दुसरा निरोगी असेल तर आजारी मूल होत नाही. म्हणून वाहक मुलगी नाकारणे, तिला दोष देणे हे अज्ञान आहे. आणि रिपोर्ट मागायचा असेल तर मुलाकडूनही मागा.